कोयरी, महाळुंग आणि छतावरचं वांगं

जळगावच्या भांड्यांच्या दुकानात जुन्या भांड्यांची मोड द्यायला आलेलं माणूस लगेच ओळखू येतं. नवीन भांडी घ्यायला आलेले लोक आत शिरता शिरता वर बघतात, फळ्यांवरच्या चकचकीत डब्यांकडे. मोड आणणाऱ्याची नजर आधी काट्यावर जाते. लग्नसराई तोंडावर आली होती आणि मी भाचीच्या आहेरासाठी ताटं-वाट्या बघत होते. शेजारी सत्तरीतल्या एक बाई सुनेला घेऊन आल्या होत्या. नऊवारी नेसलेल्या, बोलणं अहिराणी, म्हणजे अमळनेर-पारोळ्याकडच्या असाव्यात. त्यांनी गोणपाट उलटं केलं आणि फरशीवर पितळेचा मोठा खणखणाट झाला. पोचे पडलेले तांबे, बूड गेलेलं घंगाळ, एका अंगाला कललेली समई, कड फाटलेली परात. दुकानातला पोऱ्या एकेक उचलून काट्यावर टाकत होता. गोणीच्या शिवणीत काहीतरी अडकलं होतं, ते त्यानं झटकून पाडलं. ते घरंगळत माझ्या पायाशी आलं. कुंकवाची कोयरी होती, कैरीच्या आकाराची.

मी ती उचलली. तळहातात मावेल एवढी, पण ओतीव पितळेची, त्यामुळे हाताला चांगली जड. झाकणाच्या बिजागरीची तार घासून बारीक झालेली. आत दोन कप्पे. एकाच्या कोपऱ्यात काळपट लाल थर अजून घट्ट बसलेला, दुसऱ्यातली हळद केव्हाच उडून गेलेली. झाकणावरचा मोर बोटं लागून लागून गुळगुळीत झाला होता, त्याचा तुरा डोळ्यांना दिसत नव्हता, बोटालाच जाणवायचा. पण मला धरून ठेवलं ते तिच्या आकारानं. कैरी नीट पाहिली तर तिचे दोन्ही खांदे सारखे नसतात. देठाच्या एका बाजूला ती जास्त फुगते, दुसरीकडे उतरती होते आणि खालच्या अंगाला तिला बारीकशी चोच येते. बाजारातल्या नव्या कोयऱ्यांमध्ये हे सगळं सरळ करून टाकलेलं असतं. दोन्हीकडे सारखा फुगवटा, मधोमध टोक. या कोयरीचा एक खांदा वर होता. देठ मध्यावर नव्हता. चोच किंचित आत वळलेली होती आणि तिच्या वर, खऱ्या कैरीला जिथे उथळ खळगी असते, तिथे अंगठा टेकेल एवढी खळगी ठेवलेली होती. झाकण उघडायला गेलं की अंगठा आपसूक तिथेच जायचा. ज्यानं हिचा साचा केला त्यानं कैरी झाडावर लोंबताना पाहिली होती, हातात धरून पाहिली होती, आणि कुंकू लावणाऱ्या बाईचा हात कसा चालतो तेही पाहिलं होतं.

दुकानदारानं माझं बघणं बघितलं. "ताई, आवडली असेल तर घ्या. मोडीच्या भावावर थोडं लावून देतो." मी पर्स उघडत होते तेवढ्यात त्या बाई म्हणाल्या, "नही. ती कोनले देऊ नका." मला वाटलं, त्यांचा विचार बदलला, त्यांना ती घरी न्यायची असेल. तसं नव्हतं. सून म्हणाली, "आई, त्या ताईले आवडी ऱ्हायनी, देई टाका ना." बाईंनी मान हलवली. "मना सासूनं कुंकू शे ते. दुसराना घरमा कसाले जाई? वितयी जाऊ द्या." आवाज अजिबात चढलेला नव्हता. वितळून गेलेली चालेल, पण दुसऱ्या कुणाच्या देव्हाऱ्यात सासूचं कुंकू बसायला नको. दुकानदार असल्या गोष्टींना सरावलेला असावा. त्यानं वाद घातला नाही. माझ्या हातातून कोयरी काट्यावर गेली, बाईंनी वजन वाचलं, समाधानानं मान डोलावली आणि मोडीच्या पैशात सुनेला स्टीलची कळशी घेतली.

तेव्हापासून मी फळांचे आकार बघत सुटले आहे.

म्हणजे खरी फळं नव्हेत. ती आमच्या जिल्ह्यात ट्रक भरभरून दिसतात. दगडातली, धातूतली, रंगातली. माणसानं फळ घडवून ठेवण्याचा नाद किती जुना आहे हे बघायला लागलं की बघतच राहावं. १९२२ साली इजिप्तमध्ये तुतनखामुनची कबर सापडली, तिच्यात चांदीचं एक भांडं होतं, डाळिंबाच्या आकाराचं. डाळिंबाच्या डोक्यावरचा तो दातेरी मुकुट भांड्याचं तोंड झालेला. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या सोनाराला कळलं होतं की या फळाचं तोंड देवानं आधीच घडवून ठेवलं आहे, आपण फक्त आत पोकळी करायची. डाळिंब म्हटलं की मला मात्र साक्रीकडचे बाग आठवतात, भगव्या जातीची ती लालबुंद फळं आणि त्यावर तेल्या पडला की शेतकऱ्याच्या तोंडावर येणारी कळा. इटलीत हर्क्युलेनियम नावाचं गाव ज्वालामुखीखाली गाडलं गेलं, तिथल्या भिंतीवर हिरव्या पीचची फांदी आणि शेजारी पाण्याचं काचेचं भांडं रंगवलेलं सापडलं. एक फळ अर्धवट खाल्लेलं, आतली आठळी दिसते आहे. आपल्या आग्र्याला इतिमाद-उद-दौल्याच्या मकबऱ्यात भिंतीभिंतीवर सुरया आणि फळांच्या परड्या आहेत. तिथे उभं राहिल्यावर थडग्यापाशी आलो आहोत असं वाटतच नाही, कुणीतरी पाहुणचाराची तयारी करून ठेवली आहे असं वाटतं. सांचीच्या पूर्व तोरणावरची यक्षी आंब्याच्या झाडाला लगडून झुकलेली आहे, आणि वेरूळच्या बत्तिसाव्या लेण्यात जैनांची अंबिका आंब्याखालीच बसली आहे. तिला पाहताना मला नेहमी वाटतं, या बाईला उन्हाळ्यात आंब्याखाली बसण्याचं सुख ठाऊक आहे.

यातलं महाळुंग मला सगळ्यात गूढ वाटतं. लिंबाच्या जातीचं, खडबडीत जाड सालीचं, आत गर थोडा आणि बियाच फार. खायला म्हणून कुणी घरी आणत नाही. आणि देवांनी मात्र ते घट्ट धरून ठेवलंय. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातात महाळुंग, शैवांच्या लकुलीशाच्या एका हातात दंड तर दुसऱ्यात महाळुंग, बौद्धांच्या जंभलाच्या एका हातात मुंगूस आणि दुसऱ्यात पुन्हा महाळुंगच. तीन वेगळ्या वाटांचे देव, फळ तेच. गोडीसाठी निवडलं असतं तर त्यांच्या हातात आंबा असता, द्राक्षं असती. निवडलं ते बियांनी गच्च भरलेलं, बरेच दिवस टिकणारं फळ. डाळिंबाचंही तेच. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात हारीती आहे, पोरांच्या गराड्यातली. तीच पुढे चीनमार्गे जपानला पोचली, आणि तिथे तिच्या हातात डाळिंब आलं. जिच्याकडे मूल मागायचं तिच्या हातात दाण्यांनी भरलेलं फळ. कोयरीत हळद-कुंकू ठेवणाऱ्या बायकांना हे कुणी समजावून सांगायची गरज पडली नसती.

आपल्या बायकांच्या अंगावरही फळं आहेत, रोजच्या सवयीनं ती दिसेनाशी होतात. बोरमाळेतले मणी पाहा, बोराएवढे, बोरासारखेच किंचित लांबट. चिंचपेटी, कोल्हापुरी साजातलं कारलं. माझ्या आजीची बोरमाळ लाखेवर चढवलेल्या सोन्याची होती, म्हणून वजनाला हलकी. ती मान हलवायची तेव्हा मणी एकमेकांना लागून कोरडा, बारीक आवाज यायचा. थंडीत सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून बोरं विकायला यायची, आजी ओट्यावर बसून त्यातली किडकी वेगळी काढायची आणि गळ्यात तीच फळं सोन्याची. मी तेव्हा पाच-सहा वर्षांची असेन. आजीच्या बोरांना कीड लागत नाही याचं मला फार अप्रूप होतं.

आणि दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटातली सावंतवाडीची फळं! सत्तर-ऐंशीच्या दशकात कोकणात सहलीला गेलेलं एकही बिऱ्हाड ती आणल्याशिवाय परतलं नसेल. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, चितार आळीतल्या कारागिरांचा हात, वर रंगाचा तुकतुकीत हात. आमच्याही कपाटात बांबूच्या परडीत ती होती. हापूस, सीताफळ, पेरू, अर्धं कापलेलं कलिंगड आणि केळी. पिवळीधम्मक, एकही डाग नसलेली लाकडी केळी. आणि त्याच घराच्या मागच्या खोलीत मामाकडून आलेल्या घडाची खरी केळी वाळलेल्या पानांत पिकत पडलेली असायची. संध्याकाळपर्यंत त्यांचा गोड, थोडासा आंबूस वास सगळ्या घरात भरायचा आणि सकाळी सालींवर तपकिरी ठिपके उमटलेले असायचे. आई म्हणायची, आता गोड झाली. पाहुण्यांसमोर मात्र कपाटातली फळं यायची, नुसती बघायला. खरं सांगायचं तर मला ती दोन्ही आवडायची. डाग पडणारं केळं जिभेला आणि न पडणारं डोळ्यांना. फळ घडवणाऱ्या प्रत्येकाला हेच हवं असणार, असं मला आता वाटतं. जे चार दिवसांत काळं पडणार ते थोडं थांबावं.

मग त्या बाईंनी थांबलेलं फळ वितळायला का पाठवलं?

याचं उत्तर मला आमच्याच घरातल्या सणांत सापडल्यासारखं वाटतं, आणि तरी ते पूर्ण पटत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांची घागर भरतात. नवी मातीची घागर, तिच्यावर छोटं मातीचं भांडं आणि त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, किंवा आंबे. लेण्यांच्या खांबांवर आणि जुन्या देवळांत काठोकाठ भरलेला घट कोरलेला असतो, कडांवरून पानं बाहेर सांडणारा. त्याचा आणि या घागरीचा गोत्रसंबंध कुणालाही दिसेल. पण देवळातला घट हजार वर्षं तसाच उभा आहे, आणि आखाजीचं डांगर संध्याकाळी कापून खाल्लं जातं. उन्हानं तापलेल्या भिंती, ओल्या मातीचा वास, डांगराच्या लगद्यातल्या बिया ताटाच्या कडेला सारायच्या. पुढच्या वर्षी पुन्हा नवी घागर, नवं डांगर. लग्नात दाराशी केळीचे खांब उभे करतात, कमळासकट, म्हणजे केळफुलासकट, कधी अख्ख्या घडासकट. मंडप उतरला की ते गुरांपुढे जातात. अख्खं झाड कापून आणून दारात शोभेला लावायचं आणि तिसऱ्या दिवशी टाकून द्यायचं, एवढी श्रीमंती जगात कुठल्या राजाकडे होती? शोभा संपली, काम झालं, आता जाऊ दे. त्या बाईंचं गणित हेच असावं. सासूच्या हातून सुरू झालेलं कुंकू सासूबरोबर संपलं, आता पितळानं परत पितळ व्हावं.

पण श्रावणातली कानबाई आठवते आणि हे गणित अडतं. तिथे मूर्ती नसतेच. नारळालाच डोळे बसवायचे, नथ घालायची, गळ्यात दागिने घालायचे, आणि तीच कानबाई. देवीच्या हातात फळ नाही, फळच देवी. रात्रभर गाणी, रोटांचा खमंग वास, केळीच्या पानांची मखर, आणि मधोमध नथीतला तो नारळ आपल्याकडे बघत असतो. लहानपणी मला त्याच्या नजरेची भीती वाटायची. दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर. माझ्या मावशीच्या सासरी मात्र तो नारळ नदीत सोडत नाहीत. त्याला आंघोळ घालून परत आणतात, कोऱ्या खणात गुंडाळून पेटीत ठेवतात आणि पुढच्या श्रावणात पुन्हा तोच. किती वर्षांचा आहे हे घरातल्या कुणालाही सांगता येत नाही. आतलं पाणी कधीच आटलंय, हलवला तर खुळखुळतो. म्हणजे जपणंही आमचंच आहे. एकाच मुलखातल्या दोन घरांत, एकीकडे पितळेचं फळ वितळायला जातं आणि दुसरीकडे खरं फळ पिढ्यान्‌पिढ्या पेटीत राहतं.

जपण्याची हौस कुठवर जाते आणि तिचं काय होतं, याची एक कहाणी आमच्या भुसावळात संपते. रॉबर्ट गिल हा मद्रास लष्करातला अधिकारी. १८४४ साली त्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमलं. कित्येक वर्षं त्या दरीत राहून, ताप आणि एकटेपणा सोसत त्यानं कॅनव्हासवर मोठाल्या नकला केल्या. त्या लंडनजवळ क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या आणि १८६६ च्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. गिल पुन्हा कामाला लागला. १८७९ मध्ये तो गेला, त्याची कबर भुसावळला आहे. तो हयात असतानाच जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिले. त्या विद्यार्थ्यांनी बुद्ध-बोधिसत्त्वांबरोबर छतांच्या चौकटीही उतरवून घेतल्या, ज्यांच्याकडे मान वर करून बघायला कुणाला सवड नसते. त्याही नकला लंडनला गेल्या आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत बऱ्याच जळाल्या. सुरक्षित राहाव्यात म्हणून नेलेल्या नकला दोनदा जळाल्या, आणि मूळ चित्रं पावसात, वटवाघळांत, धुरात होती तिथेच राहिली. गिलच्या कबरीपाशी उभी राहिले तेव्हा मला हे सगळं आठवून घशाशी आलं होतं. त्या माणसाच्या श्रमांचं चीज झालं नाही असं म्हणवत नाही, पण त्याला हे दुःख झेपलं कसं असेल?

ग्रिफिथ्सनं अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या छताचं वर्णन फार मन लावून केलं आहे. लहान चौकटी आलटून पालटून काळ्या आणि लाल जमिनीवर रंगवलेल्या. आधी जमिनीचा सपाट रंग, त्यावर भरीव पांढऱ्यानं आकार, आणि त्या पांढऱ्यावर पातळ, पारदर्शक रंगांचे हात. म्हणूनच दीड हजार वर्षांनंतरही ती फळं आतून उजळल्यागत वाटतात. त्यानं ओळखलेली फळं अशी: आंबा, बेल किंवा लिंबू असावं असं एक गोल फळ, सीताफळ, आणि वांगं.

वांगं! हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठले. ज्या जिल्ह्याच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ज्याच्याकडे थंडीत शेतावर भरीत-पार्टी झाल्याशिवाय हिवाळा आला असं कुणी मानत नाही, त्याच्या शिवेवर, वाघूरच्या उगमाकडच्या दरीत, वाकाटकांच्या काळातल्या चिताऱ्यानं बुद्धाच्या डोक्यावरच्या छतात वांगं काढून ठेवलंय. आणि वाघूरचं पाणी तर जळगावात आमच्या नळाला येतं. मी लगेच मामाला फोन केला.

मामा सावद्याकडचा. आयुष्यभर केळी. मृगबाग आणि कांदेबाग हे लागवडीचे हंगाम, करपा रोग, वाऱ्यानं आडवे झालेले बाग, सगळं भोगलेला. त्याला घेऊन ऑक्टोबरात नेरी-पहूरवरून फर्दापूर गाठलं. पहिल्या लेण्यात सगळी माणसं पद्मपाणीपुढे गर्दी करून होती. मामा पद्मपाणीला हात जोडून आला आणि मान वर करून छताखाली उभा राहिला. पहारेकरी एकदा येऊन बघून गेला, याला चक्कर आली की काय म्हणून. फ्लॅश चालत नाही, दिव्यांचा उजेड मंद, डोळे सरावायला वेळ लागतो. हळूहळू लाल-काळ्या चौकटी वर येतात आणि मग एकेक फळ. "हे त आपलं भरताचं वांगं हाये!" मामा एवढ्या मोठ्यानं बोलला की पुढचे पर्यटक वळून वर बघायला लागले. मला फार बरं वाटलं.

सीताफळाचं मात्र त्याला पटेना. मलाही आधीपासून ती अडचण होती. सीताफळ अमेरिकेतलं, पोर्तुगीज आल्यावर ते आपल्याकडे रुजलं असं मानतात. मग पाचव्या शतकातल्या छतावर ते कुठून येणार? पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमनंही भारहुतच्या स्तूपाच्या दगडी कठड्यांवर सीताफळ ओळखलं होतं, म्हणजे आणखी काही शतकं मागे, आणि त्यावरून विद्वानांत पुष्कळ वाद झाले. माझं मत असं की ग्रिफिथ्स, कनिंगहॅम या सगळ्यांनी त्यांच्या काळच्या डोंगरात जे दिसत होतं तेच चित्रात पाहिलं. आजही अजिंठ्याच्या डोंगरात सीताफळाची झाडंच झाडं आहेत. लेणी बघून खाली उतरलेल्या माणसानं टोपलीतलं सीताफळ हातात घेतलं आणि पुन्हा वर जाऊन छत पाहिलं, तर त्याला दुसरं काय दिसणार? डोळे ज्या मुलखात राहतात तिथलीच फळं त्यांना आधी दिसतात. मला वांगं दिसल्याचा एवढा आनंद झाला, त्यातही हे असणारच, आणि ग्रिफिथ्सनंही ते वांग्यासारखं दिसतं एवढंच म्हटलं आहे.

मामाला एकच रुखरुख लागली होती. "केळं कुठं हाये?" काही प्रसंगांच्या मागे केळीची रुंद पानं आहेत, ती मी त्याला दाखवली. पानं बघून तो खूश झाला, पण छतात घड नाही, फणी नाही, हे त्याला लागलं. दगडातही मी केळ्याचा घड फारसा पाहिलेला नाही. बालगणपतीच्या हातात केळं असतं असं ध्यानश्लोकात आहे, तेवढंच. लेण्याच्या बाहेर पायरीवर बसून आम्ही त्यावर बराच वेळ बोललो. मी महाळुंगाचं, डाळिंबाचं, बियांचं सांगितलं. केळ्यात बी नाही, म्हणून चिताऱ्याला ते वंशवेलीसाठी उपयोगाचं वाटलं नसेल. मामानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बी नसलं म्हणून काय झालं? बुडाला पील येतंच की. एक घड देऊन झाड मरतं, पण बाजूला तिचं पोर उभं असतं." मग त्याच्या हातांनी हवेतच घड दाखवला. कमळ कधी तोडायचं, फण्या किती ठेवायच्या, केळ्याच्या धारा मोडून ते गोलसर व्हायला लागलं की कापणी कशी जवळ येते, आखातात जाणाऱ्या मालाला एक ओरखडासुद्धा कसा चालत नाही. मी त्याच्या बोटांकडे बघत होते. एका फळाकडे इतकं बारकाईनं बघणारा माणूस आमच्या घरात आहे आणि कोयरी घडवणाऱ्याच्या नजरेचं कौतुक मी भांड्यांच्या दुकानात करत बसले होते! फरक एवढाच की मामाची नजर खोक्यात भरून जाते. तिचं पितळ होत नाही, लाकूड होत नाही. आणि व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. कुणीतरी जळगावच्या केळ्याचा एक तरी घड नीट, धारांसकट, देठाच्या कळकट चिकासकट घडवावा. शोभेच्या पिवळ्या केळ्यांसारखा नको; मामा कापतो तसा, हिरवा.

मामाला मी कोयरीचीही गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "बाईचं बरोबर हाये." मी म्हटलं, मला नाही पटत, ती राहायला हवी होती. "तुले नाही पटत, कारण तू बघणारी. ती वापरणारी." मी वाद घातला. वापरणाऱ्यांनीच सगळं वितळवलं असतं तर आज आपण मान वर करून काय बघितलं असतं? त्यानं हेही कबूल केलं. मग आम्ही दोघेही आपापल्या मतावर राहिलो आणि चहा प्यायलो.

उतरताना रस्त्याच्या कडेला सीताफळवाल्या बसल्या होत्या. मामानं टोपलीतली फळं दाबून न बघता नुसती डोळ्यांनी निवडली, भेगांमधला पिवळसरपणा बघून. पैसे देताना तो त्या मावशींना म्हणाला, पान द्या दोन, झाडाचं. त्यांनी टोपलीत फळांखाली अंथरलेल्यातली दोन पानं काढून दिली. मामानं ती खिशात ठेवली. गाडीत बसल्यावर मला म्हणाला, "फळाच्या मागं लागू नको. फळ चितारी थोडं मनानं रंगवतो. पानं बघ. पुढच्या खेपेला दुर्बीण आणू, आणि रामफळाचं पान, फणसाचं, बेलाचं, लिंबाचं. एकेक करून ताडून पाहू." मी म्हटलं, आत पानं नेऊ देतील का? "विचारू," तो म्हणाला. "नाही म्हटले तर वहीत काढून नेऊ. तुले येतं ना काढता?"